समुद्राची पाऊणकी

कार्तिक वद्य प्रतिपदेच्या दिवशी, अकराची घंटा होऊन पाचवीच्या वर्गात पाऊणकी चालू असताना सुगंधाने हात वर केला, आणि कमलाकांत पाध्ये गुरुजींच्या तेवीस वर्षांच्या अध्यापनात प्रथमच पाऊणकी मध्येच थांबली.

एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. प्रत्येक संख्येचे तीन-चतुर्थांश सांगणारा हा पाढा तारापूरच्या खाडीकाठच्या त्या कौलारू शाळेत रोज म्हटला जाई. गुरुजींचे बालपण वाईस गुरुगृही संहितेची आवर्तने करण्यात गेले होते. अर्थ मागाहून येतो, आधी जिभेला वळण लागले पाहिजे, हा तेथला संस्कार त्यांच्या अंगी मुरला होता. म्हणूनच पाऊणकीच्या वेळी ते डोळे मिटून उभे राहत. चाळीस मुलांचा तो एकसूर ऐकताना आपण अजून गुरुगृहाच्या ओसरीवरच आहोत, असे त्यांना वाटे.

सुगंधा शाळेत नवी होती. अणुवीज केंद्राच्या बांधकामावर तिचे वडील रामकिसन बीडकडून आले, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. तिने विचारले, "गुरुजी, ही पाऊण कशाची?"

"कशाची म्हणजे?"

"म्हंजी पाऊण शेर का पाऊण गज? दुकानात तर आता किलो अन् मीटरच हाय."

मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. पाऊण ही संख्येचीच, असे काहीसे उत्तर त्यांनी दिले आणि पाढा पुढे नेला. पण त्या दिवशी त्यांचे डोळे मिटले नाहीत. चाळीस तोंडे हलताना ते पाहत राहिले. आपण इतकी वर्षे ज्याला स्वर समजत होतो, त्यात मुलांना काय ऐकू येत असेल, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पडला.

मधल्या सुट्टीत ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. शांताराम चुरी वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, प्रशिक्षण घेतलेले, आणि गुरुजींना 'शास्त्रीबुवा' म्हणून मनापासून मान देणारे. सुगंधाचा प्रश्न ऐकून त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील पत्रक काढले. नवी मापे येऊन चार वर्षे होत आली होती. पावकी, निमकी, पाऊणकी यांना नव्या अभ्यासक्रमात स्थान उरले नव्हते, त्यांच्या जागी दशांश अपूर्णांक आले होते. हे पत्रक गेल्या वर्षीच आले होते. शास्त्रीबुवांना दुखवायला नको, म्हणून चुरींनी ते खणात ठेवले होते.

गुरुजींना अपमान वाटला नाही, भय मात्र वाटले. पाऊणकी गेली तर मागोमाग आणखी काय काय जाईल, आणि सगळे गेल्यावर या शाळेत आपण कशासाठी उभे राहायचे, हे भय. मग त्यांनी मुदत मागितली. ठरले ते असे. या गावात आजही पाऊण लागते असे एक तरी स्थळ त्यांनी दाखवावे, म्हणजे चुरी पत्रक पुन्हा खणात ठेवतील. नाही दाखवले तर गुरुजींनी स्वतःच्या हाताने फळ्यावर दशांश चिन्ह काढावे.

"मार्गशीर्षी पौर्णिमेपर्यंत," चुरी म्हणाले. "आणि शास्त्रीबुवा, तुम्हीच जिंकावे, असे मला मनातून वाटते."

त्या संध्याकाळपासून गुरुजी पाऊणीच्या शोधात निघाले. किराणा दुकानात लोखंडी वजने ओळीने मांडलेली होती, पण त्यांत अर्धा किलो आणि पाव किलो यांच्यामध्ये पाऊण नावाचे कोणी नव्हते. कापडवाल्याने पितळी मीटर दाखवून जुना गज आता पडदा लावायला घेतल्याचे सांगितले. डोंगराकडून सरपणाच्या मोळ्या घेऊन येणारा सुका नावाचा गडी भेटला. त्याला विचारता तो म्हणाला, मोळी ही मोळीच, तिची पाऊण केली तर उरलेले लाकूड डोक्यावर कोण चढवणार? होडी बांधणारा सुतार हात आणि वीत यांच्या पलीकडे गेलाच नव्हता. जेथे जावे तेथून पाऊण नुकतीच निघून गेलेली असे.

दुसरीकडे एक लहानशी कटकट चालू होती. जमना नावाची मांगेला कोळ्यांची मुलगी वर्गातून मध्येच उठून जाई. तिची आई लाडकी इतर तीन बायकांसह खाडीच्या तोंडापाशी खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवे काढी. ओहोटीत रिकाम्या हातांनी चिखल तुडवत तोंडाशी बांधलेल्या होडीपर्यंत जाता येते, पण भरल्या टोपल्या पाण्यावरूनच आणाव्या लागतात. भरतीबरोबर होडी धक्क्याला लागे, तेव्हा टोपली उतरून घ्यायला जमनाला तेथे असावे लागे. गुरुजींनी तिला दोनदा समज दिली होती. शिवाय वर्गात पाऊणकी सर्वांत कच्ची तिचीच. पाच पाऊण किती, म्हटले की ती छताकडे पाही.

तृतीयेस ती सव्वादोनला उठली. चतुर्थीस तीनला. पंचमीस गुरुजी तिला रागे भरणार, एवढ्यात त्यांची दृष्टी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पावणेचार वाजले होते. त्यांचा उचललेला हात तसाच राहिला. तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. ज्या मुलीला पाऊणकी येत नव्हती, ती गेले तीन दिवस त्यांच्यासमोर पाऊणकी चालत होती.

"जमना, उद्या किती वाजता जाशील?"

"साडेचारला, गुरजी. उद्या षष्टी."

"आणि अष्टमीला?"

"सहाला," ती म्हणाली, या वेळी छताकडे न पाहता. "पण तवा शाळा सुटलेली असंल, तुमी वरडायचे नाय."

गुरुजी तिच्याबरोबरच धक्क्यावर गेले. लाडकी चाळिशीची, उन्हाने रापलेली, मोजके बोलणारी बाई होती. एक शाळामास्तर आपल्याला गणित विचारायला आला आहे, याचा तिला प्रथम संशयच आला. जमनाने काही खोडी केली असावी, असे धरून तिने मुलीकडे डोळे वटारले. मग खरी गोष्ट कळल्यावर तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवून दाखवला. अवसेला आणि पुनवेला भरती बाराला. तेथून पुढे चार तिथी मोजल्या की तीन तास. अष्टमीला सहा. पुढे तसेच, फक्त उजेडातले पाणी सकाळचे घ्यायचे. पाऊणकी हा शब्द तिने ऐकला नव्हता. हे तिला तिच्या सासूने शिकवले होते, सासूला तिच्या सासूने.

गुरुजींना त्या रात्री अन्न गोड लागले. पंचांग तर त्यांच्या घरचे दैवत. ज्या तिथींवरून त्यांनी आयुष्यभर श्राद्धे आणि व्रते सांगितली, त्याच तिथींवर गावाच्या होड्या तरंगत होत्या, आणि समुद्रकाठी राहूनही त्यांनी समुद्राला कधी काही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुरींना सर्व सांगितले. चुरी आनंदले. अमावास्येपासून आठवडाभर मुलांकडून भरतीच्या वेळा टिपून घ्या, तेवढी वही मला पुरे, असे म्हणून त्यांनी पत्रकाचा खण बंद केला.

अमावास्येपासून पाचवीचा वर्ग खाडीकाठी भरू लागला. पद्धत जमनाने सांगितली. चढत्या पाण्याच्या कडेला सुरूची काडी रोवायची, पाणी तिला गाठून पुढे गेले की दुसरी रोवायची. ज्या काडीला शिवून पाणी परतले, ती शेवटची. त्या क्षणी शाळेतले घड्याळ पाहायचे, यासाठी वाटेवर मुले उभी केलेली असत, आणि एकाच्या हाकेवर दुसरा हाक देई. वही सुगंधाकडे होती. तीन महिन्यांपूर्वी तिने समुद्र पाहिलाही नव्हता, म्हणून की काय, तिला त्याची प्रत्येक गोष्ट विचारावीशी वाटे. पाणी दोनदा का येते? पुनवेला एवढे वर आणि अष्टमीला एवढे खाली का? बीडच्या विहिरीला भरती का येत नाही? गुरुजींना यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे ठाऊक नव्हती. ठाऊक नाही, असे वर्गासमोर म्हणणे पहिल्या दिवशी त्यांना जड गेले. चौथ्या दिवशी गेले नाही.

वहीत दोन रकाने होते, एकात पाऊणकीने काढलेली वेळ, दुसऱ्यात पाण्याची. प्रतिपदा ते पंचमी दोन्ही रकाने जोडीने चालले, कधी चार मिनिटे इकडे, कधी सहा तिकडे. मुले आता पाऊणकी विसरत नव्हती, कारण तिच्यापुढे पाणी उभे होते. षष्ठीला मात्र पाणी मागे राहिले. सप्तमीला आणखी मागे. अष्टमीला सहा वाजून गेले, दिवेलागण झाली, तरी जमना काड्या रोवतच होती. शेवटच्या काडीपासून पाणी परतले, तेव्हा साडेसहा होत आले होते.

"समुद्राला पाढा येत नाय," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे खिदळले.

सुगंधा हसली नाही. तिने वही गुरुजींपुढे धरली. "गुरुजी, चूक आपली का पाण्याची?"

घरी येऊन गुरुजींनी पंचांगाची जुनी पोथी उघडली. अमावास्येला बाराची भरती पौर्णिमेला पुन्हा बारालाच येते, हे लाडकीनेच सांगितले होते. म्हणजे पंधरा तिथींत तीस घटिकांचे अंतर, आणि एका तिथीला दोन घटिका. घटिका चोवीस मिनिटांची, तेव्हा दोन घटिकांची मिनिटे अठ्ठेचाळीस. पाऊण तासाची पंचेचाळीस. तिथीमागे तीनच मिनिटांचा फरक, पण पंधराव्या तिथीला तो पाऊण तास होतो. पाऊणकी पौर्णिमेला सव्वाअकरा सांगेल, आणि पाणी बाराला भरेल. आठव्या वर्षी शिकलेले घटिकांचे हे गणित त्यांच्या जिभेवर सदैव होते. ते त्यांनी कशालाही लावून पाहिले नव्हते, इतकेच.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी न केली असती तर बरे झाले असते असे त्यांना क्षणभर वाटले. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे तासाचा कितवा भाग, हे त्यांनी पाटीवर काढले. पाव, अर्धा, पाऊण यांपैकी कशातच ते बसेना. ते नेमके बसले आठ दशांशांत. शून्य, मग ते टिंब, मग आठ. ज्या चिन्हाला दूर ठेवण्यासाठी त्यांनी गाव पालथा घातला होता, ते त्यांच्याच पोथीतून उठून पाटीवर येऊन बसले होते.

चुरींनी मागितली होती आठवड्याची वही. पंचमीपर्यंतची पाने दाखवली असती तरी ते तेवढ्यावर तृप्त झाले असते, आणि त्यात एकही अक्षर खोटे नव्हते. गुरुजी बराच वेळ त्या पाच पानांकडे पाहत बसले. नंतर त्यांनी पाटी पुसली नाही. ती तशीच भिंतीशी उभी करून ते निजले. सकाळी त्यांनी चुरींना निरोप धाडला की वही अपुरी आहे, पौर्णिमेस सव्वाअकराला आपण स्वतः खाडीवर यावे. मुलांना त्यांनी पाटीवरचे गणित सांगितले नाही. वहीत तिसरा रकाना मात्र आखायला लावला, आणि तो रिकामा ठेवला.

पौर्णिमेस शाळा खाडीवरच भरली. चुरी छत्री घेऊन आले. सव्वाअकरा झाल्याची हाक वाटेवरून आली, तेव्हा पाणी जमनाची काडी ओलांडून जोमाने वर चढत होते. चुरींनी गुरुजींकडे पाहिले. पाणी आणखी चढले. मुले आळीपाळीने काड्या पुरवत होती. आता वही मिटावी, असे चुरींनी हळूच सुचवून पाहिले. जे पुरते चुकणार आहे, ते पुरते चुकलेले मुलांनी पाहू द्यावे, असे गुरुजींचे उत्तर होते.

दूर बांधकामावरचा बाराचा भोंगा वाजला. पाणी आणखी दोन काड्या चढले आणि थबकले. काठाशी फेसाची एक रेघ स्थिर उभी राहिली. मग शेवटची काडी उघडी पडली. बारा वाजून सात मिनिटे झाल्याची हाक घड्याळापासून उलट आली.

गुरुजींनी मुलांना जवळ बसवले आणि वाळूवर बोटाने घटिकांचे गणित मांडले. एका तिथीला दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे, शून्य पूर्णांक आठ तास. दशांश चिन्ह काढताना त्यांचे बोट वाळूत जरा जास्तच खोल गेले. सुगंधाने तिसरा रकाना तेथल्या तेथे भरला. तो पाण्याच्या रकान्याशी अधिक जुळला, पण सगळीकडे नाही. पहिल्या पाच तिथींना पाऊणच खरी ठरली होती. असे का, ते गुरुजींना सांगता आले नाही, आणि तसे त्यांनी सांगितले.

मग ते चुरींकडे वळले. "शांतारामपंत, मी हरलो. मला दाखवायची होती पाऊण, आणि समुद्राने दाखवले तुमचे टिंब."

चुरींनी उत्तर देण्याआधीच होडी धक्क्याला लागली. जमना चुंबळ घेऊन धावली. गुरुजींना आठवले की ही होडी त्यांनी सव्वाअकराच्या हाकेच्या वेळीच खाडीच्या तोंडाशी उभी पाहिली होती. चार बायका टोपल्या भरून स्वस्थ बसल्या होत्या, पाण्याने उचलण्याची वाट पाहत. त्यांनी लाडकीला विचारले की तिची पाऊण पाणी भरण्याच्या आधीच पडते, हे तिला ठाऊक होते का.

लाडकीने टोपली मुलीच्या डोक्यावर ठेवली. "आमाला नाय तर कुणाला ठावं? पाणी पाऊणीनं येत नाय. खडकावर बसलं का बाईला वाटतं, आनीक एक कालव काढू, आनीक एक. म्हून येळ आधीची धरायची." तिची नणंद एकदा पाण्याचीच वेळ धरून बसली होती, तिची फक्त टोपली परत आली, हे तिने टोपलीचा काठ सारखा करता करता सांगितले. मग म्हणाली, "पाऊण पाण्याची नाय, गुरजी. पाऊण आमची हाय."

सुगंधाने वही उघडली, पाऊणकीच्या रकान्यावर आधी लिहिलेले "भरतीची वेळ" हे शब्द खोडले, आणि तेथे काय लिहावे, म्हणून गुरुजींकडे पाहिले. त्यांनी सांगितले नाही. तिने थोडा विचार करून लिहिले, "होडीत बसायची वेळ".

परतताना चुरी म्हणाले की शास्त्रीबुवा हरलेले नाहीत, गावात पाऊण जिवंत आहे हे सिद्ध झाले आहे, आणि पत्रक खणातच राहील. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. एक महिन्यापूर्वी हे ऐकून त्यांना समाधान झाले असते. आता त्यांना दिसत होते की पाऊणकी रोज डोळे मिटून म्हटली, तर तिची पाऊण पुन्हा कशाचीच राहणार नाही. पत्रक भिंतीवर लावा, असे त्यांनी सांगितले. पाढा रोजचा राहणार नाही, जेव्हा लागेल तेव्हा म्हणू.

दुसऱ्या दिवशी अकराच्या घंटेनंतर वर्गात शांतता पसरली. मुले सवयीने तोंडे उघडून थांबली होती. गुरुजींनी फळ्यावर शून्य लिहिले, टिंब दिले, आठ लिहिले, आणि त्याखाली विचारले, "कशाचे?" चाळीस हात वर गेले. जमनाचा सर्वांत आधी.

पौर्णिमेनंतर सहा दिवसांनी, मार्गशीर्ष वद्यात, सुगंधा भिंतीवरच्या पंचांगाशी उभी होती. काल पंचमी छापली होती आणि आज सप्तमी. षष्ठी मध्येच गळाली होती. गुरुजींना तिथीच्या क्षयाचे शास्त्र मुखोद्गत होते. सूर्योदयाचा, चंद्रगतीचा, घटिका-पळांचा सगळा हिशेब ते एका श्वासात सांगू शकले असते. त्यांनी तोंड उघडलेही.

"गुरुजी," ती म्हणाली, "आपण षष्ठी सोडली. पण समुद्रानं सोडली असंल का?"

गुरुजींनी तोंड मिटले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, खुंटीवरचे उपरणे खांद्यावर टाकले, आणि जमनाला काड्या घ्यायला सांगितले.